लिंकमध्ये ‘लालबागचा राजा’चा ‘ललबगच-रज’ होतो, तेव्हा निर्णयसागरच्या जावजी दादाजींची आठवण काढायलाच हवी

गणपतीचे दिवस. एखादा पोरगा नवीकोरी मराठी वेबसाइट सुरू करतो. पहिल्या लेखाचं शीर्षक टाकतो, ‘लालबागचा राजा’. बटण दाबतो आणि वेबसाइट स्वतःच त्या लेखाचा पत्ता तयार करते. पत्त्याच्या शेवटी येतं, ‘ललबगच-रज’.

मग ‘चिंचपोकळीचा चिंतामणी’ टाकून बघितलं, तर ‘चचपकळच-चतमण’. गिरगावचा ‘गरगव’ आणि दादरचा ‘ददर’. त्या सगळ्या पट्ट्यात एकटं परळ तेवढं सहीसलामत सुटतं. कारण परळला ना काना, ना मात्रा, ना वेलांटी.

हे काही व्हायरसचं काम नाही. वेबसाइटने नियमाप्रमाणे साफसफाई केलेली असते. घोळ आहे तो नियमात. आणि हा घोळ समजून घ्यायचा असेल, तर दीडशे वर्षं मागे, गिरगावला लागून असलेल्या काळबादेवीतल्या कोलभाट गल्लीत जावं लागतं. तिथे एका माणसाने अख्खं आयुष्य याच काना-मात्रा जागेवर बसवण्यात घालवलं. त्याचं नाव जावजी दादाजी चौधरी. निर्णयसागर छापखान्याचे मालक.

आधी त्या पत्त्याच्या शेपटाबद्दल थोडं. यूआरएलच्या शेवटी लेखाचं जे छोटं, सुटसुटीत नाव असतं, त्याला स्लग म्हणतात. हा शब्द कॉम्प्युटरवाल्यांचा नाही, छापखान्यातला आहे. ओळींच्या मध्ये मोकळी जागा सोडायला शिशाची जाड पट्टी घालत, ती स्लग. पुढे १८८६ मध्ये न्यूयॉर्कच्या ट्रिब्यून वर्तमानपत्रात ऑटमार मर्गेंथालरचं लायनोटाइप यंत्र सुरू झालं. त्यातून अख्खी ओळ एका तुकड्यात ओतून बाहेर पडायची. तो तुकडाही स्लगच. मग बातमीदार मंडळी बातमीच्या कच्च्या, छोट्या नावाला स्लग म्हणू लागली. मराठी वर्तमानपत्रांत आणि चॅनेलमध्ये आजही म्हणतात. अमेरिकेत कॅन्ससमधल्या एका वर्तमानपत्राच्या कचेरीत जँगो नावाची वेबसाइट बनवायची प्रणाली तयार झाली, २००५ मध्ये ती सगळ्यांना खुली झाली आणि तिच्यातही हा वर्तमानपत्री शब्द आला. वर्डप्रेसमध्येही तो आहेच. म्हणजे शिशाची पट्टी फिरत फिरत लिंकच्या शेपटीला येऊन चिकटली.

जावजींचं आयुष्यही शिशातच गेलं.

त्यांचा जन्म १८३९ चा, मुंबईतला. घर गरीब मराठा. शाळेचं सुख फारसं मिळालं नाही. वयाच्या दहाव्या वर्षाच्या आसपास पोरगा कामाला लागला तो अमेरिकन मिशनच्या छापखान्यात. हे मिशनरी मुंबईत १८१३ मध्ये आले होते आणि त्यांच्या छापखान्याने १८१७ पासून मराठी छपाई सुरू केली होती. धर्मप्रचारासाठी त्यांना मराठी पुस्तकं हवी होती, आणि पुस्तकांसाठी मराठी खिळे. खिळे म्हणजे टाइप, शिशाची सुटी अक्षरं. टॉमस ग्रॅहॅम नावाचा माणूस तिथे खिळ्यांचा कारखाना सांभाळत होता. त्याच्या हाताखाली छोट्या जावजीला काम मिळालं ते खिळे घासायचं.

हे घासणं काय होतं ते बघण्यासारखं आहे. एक खिळा तयार व्हायला आधी पोलादी कांडीच्या टोकावर अक्षर उलटं कोरावं लागतं. तो पंच. पंच तांब्याच्या तुकड्यावर ठोकला की अक्षराचा खळगा पडतो. ती मातृका. मातृका साच्यात बसवून तिच्यावर शिसं, कथील आणि अँटिमनी यांचा वितळलेला रस ओतला की खिळा तयार. पण तो लगेच वापरता येत नाही. त्याला धातूची शेपटी चिकटलेली असते, कडेला कुसं आलेली असतात. शेपटी मोडायची आणि कुसं दगडावर घासून काढायची. जगभरच्या कारखान्यांत हे काम पोरांकडेच असायचं. कमी घासलं तर खिळे एकमेकांना चिकटून ओळीत नीट उभे राहात नाहीत. जास्त घासलं, हात जरा घसरला, तर अक्षराचाच तुकडा जातो. अनुस्वाराचा ठिपका, रफाराची चिमटी, ऱ्हस्व उकाराचं टोक.

म्हणजे जावजींची पहिली नोकरी साफसफाईची होती. नको ते काढायचं, हवं ते राखायचं. आज वेबसाइटवर हेच काम रेग्युलर एक्स्प्रेशन करतं. लोक त्याला लाडाने रेजेक्स म्हणतात.

रेजेक्स म्हणजे मजकुरातला एखादा साचा ओळखण्याची छोटीशी सांकेतिक भाषा. स्टीफन क्लीनी नावाच्या अमेरिकन गणितज्ञाने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला तिचं गणित मांडलं आणि केन थॉम्प्सनने १९६८ च्या सुमाराला ती मजकूर शोधायला कॉम्प्युटरवर आणली. स्लग तयार करताना तिचे नियम साधारण असे चालतात. शीर्षकातली मोठी इंग्रजी अक्षरं लहान कर. अक्षर किंवा अंक नसेल ते सगळं काढ. जिथे मोकळी जागा आहे तिथे आडवी रेघ घाल. दोन-तीन रेघा लागोपाठ आल्या तर एकच ठेव. सुरुवातीची आणि शेवटची रेघ छाटून टाक. प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह, अवतरणचिन्हं, इमोजी, सगळं साफ. इंग्रजीसाठी हे मस्त चालतं.

गडबड दुसऱ्या नियमात आहे. अक्षर म्हणजे काय?

साधे नियम ए ते झेड एवढ्यालाच अक्षर मानतात. अशा नियमात मराठी शीर्षक घातलं तर हाती काहीच उरत नाही, कोरा पत्ता. त्याहून शहाणे नियम देवनागरी ओळखतात, पण अर्धवट. युनिकोडमध्ये क, ख, ग यांची नोंद अक्षर म्हणून आहे आणि काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, हलन्त यांची नोंद चिन्ह म्हणून. पायथॉन भाषेच्या अंगभूत रेजेक्समध्ये शब्दातलं अक्षर ओळखायची जी खूण आहे, ती चिन्हांना अक्षर धरत नाही. मग दार, दर, दूर आणि दोरी या चारही शब्दांचा पत्ता एकच होतो, ‘दर’. ‘राजा’चा ‘रज’ होतो, म्हणजे धूळ.

नियम लिहिणाऱ्याला वाटलं होतं, अक्षर तेवढं खरं आणि बाकीचं नक्षीकाम. जावजी ज्या जगात वाढले तिथे हा गैरसमज परवडणारा नव्हता.

मराठी छापायची म्हणजे डोक्याला ताप होता. ३४ व्यंजनं आणि बाराखडीची १२ रूपं धरली, तरी ४०८ वेगळे खिळे झाले. त्यावर जोडाक्षरं, रफार, अर्धी अक्षरं, अंक. इंग्रजी जुळाऱ्याचं काम एका-दोन पेट्यांत भागतं, मराठी जुळाऱ्यापुढे खणच खण. म्हणून कारागिरांनी दुसरा मार्ग धरला. अक्षर वेगळं ओतायचं, मात्रा-उकार वेगळे ओतायचे आणि जुळवताना बसवायचे. याने खिळे कमी झाले, पण नवी भानगड आली. अक्षराच्या डोक्यावरची मात्रा बारीक, तिचा धातू नाजूक. छपाईच्या दाबाखाली ती मोडते, सरकते, नाहीतर दोन अक्षरांच्या मधोमध लटकते. वाचणाऱ्याला कळत नाही की ही मात्रा कुणाची.

गंमत म्हणजे युनिकोडनेही हाच दुसरा मार्ग धरला. ‘मुंबई’ हा शब्द कॉम्प्युटरच्या लेखी पाच तुकड्यांचा आहे. म, उकार, अनुस्वार, ब आणि ई. जोडून दाखवायचं काम फाँटचं. त्यामुळे तुकडा गळण्याची जुनी भीती जशीच्या तशी परत आली, फक्त या वेळी शिसं नव्हतं.

पुन्हा जावजींकडे. मिशनच्या छापखान्यातून बाहेर पडल्यावर ते मुंबईतल्या इतर छापखान्यांत आणि खिळ्यांच्या कारखान्यांत राबले. त्यात टाइम्स ऑफ इंडियाचा कारखाना होता, १८६२ मध्ये सुरू झालेल्या इंदुप्रकाश पत्राचा छापखानाही होता. पदवी नाही, घरचा पैसा नाही. पण कुठला खिळा किती घासल्यावर कसा बसतो, हे ज्याच्या बोटांना कळतं असा माणूस मुंबईत शोधून सापडला नसता. मालक बदलत गेले, हात तयार होत गेला.

१८६४ मध्ये त्यांनी स्वतःचा खिळ्यांचा कारखाना टाकला. त्या वर्षी मुंबईत पैसा नुसता वाहात होता. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, तिथला कापूस बंद पडलेला, इंग्लंडच्या गिरण्यांना हिंदुस्थानी कापूस हवा होता. मुंबईत रोज नवी कंपनी, नवी बँक. पुढच्याच वर्षी युद्ध संपलं आणि सगळा फुगा फुटला. भलेभले शेठ बुडाले. जावजींचा छोटा कारखाना मात्र टिकला. शिशाचा धंदा कापसाच्या सट्ट्यासारखा नसतो, हळू चालतो पण चालतो.

या कारखान्यात त्यांच्याबरोबर राणोजी रावजी आरू होते. हे नाव आज फार कमी लोकांना माहीत आहे आणि ते माहीत असायला हवं. पंच कोरण्याची कला राणोजींच्या हातात होती. निर्णयसागरच्या अक्षरांचं जे वळण पुढे प्रसिद्ध झालं, त्यामागे जावजींची नजर आणि राणोजींचा हात. गोल, भरदार, उभ्या दांड्याला तोल असलेलं अक्षर. काना अक्षराच्या अंगाला नेमका लागलेला आणि शिरोरेघ एका खिळ्यावरून दुसऱ्यावर जाताना न तुटलेली. लहान आकारातही हे वळण बिघडत नसे, आणि खरी परीक्षा तिथेच असते. मोठ्या अक्षरात कुणीही देखणं दिसतं.

१८६९ मध्ये त्यांनी छापखाना सुरू केला, निर्णयसागर. याच नावाचं पंचांगही निघालं. पंचांग म्हणजे त्या काळातलं खात्रीचं गिऱ्हाईक. घरोघरी लागणार, दरवर्षी लागणार. हा रस्ता आधी गणपत कृष्णाजी यांनी घालून दिला होता. त्यांनी १८३१ मध्ये शिळाछापावर पंचांग छापलं होतं. छापलेल्या शाईत चरबी असते म्हणून सोवळी मंडळी छापील कागदाला हात लावत नसत, तेव्हा गणपत कृष्णाजींनी तुपाची शाई केली, अशी हकिकत सांगितली जाते.

पण पंचांगात चूक खपत नाही. अंक आणि अक्षरं बारीक, रकाने दाट. तिथीचा एक आकडा हलला की कुणाचा उपास चुकतो, कुणाचा मुहूर्त. खिळे घासत मोठ्या झालेल्या माणसाने पंचांगाने सुरुवात करावी, हे बरोबरच होतं.

नंतर जावजींनी जे केलं त्याला धंद्याच्या हिशेबात खुळेपणा म्हणता आला असता. ते संस्कृतकडे वळले. स्वतः पंडित नव्हते, पण पंडितांना कामाला लावायची रीत त्यांना माहीत होती. काशिनाथ पांडुरंग परब यांच्यासारखे काटेकोर संपादक त्यांनी जवळ केले. जयपूरच्या पंडित दुर्गाप्रसादांबरोबर परबांनी १८८६ पासून काव्यमाला चालवली. संस्कृत काव्यं, नाटकं, अलंकारशास्त्र, हस्तलिखितांत पडून असलेलं एकेक काढायचं, पाठ तपासायचे आणि छापायचं. जगन्नाथ पंडिताचा रसगंगाधर या मालेत आला. आनंदवर्धनाचा ध्वन्यालोक १८९१ मध्ये आला. तिकडे न्यूयॉर्कमध्ये अख्खी ओळ ओतणारं यंत्र सुरू झालं त्याच वर्षी इकडे कोलभाट गल्लीत हाताने एकेक खिळा उचलून काव्यमालेची पानं जुळवली जात होती.

त्या पानांवर एक नजर टाकायला हवी. वर मूळ श्लोक मोठ्या अक्षरात. खाली टीका त्याहून लहान अक्षरात. त्याखाली तळटीपेत पाठभेद, आणखी लहान अक्षरात. अमुक हस्तलिखितात हा शब्द असा आहे, तमुकात तसा. आता पाठभेद म्हणजे बऱ्याचदा फरक केवढा? एका मात्रेचा, एका अनुस्वाराचा, एका विसर्गाचा. तीच गळली तर तळटीप छापून उपयोग काय? ‘ध्वन्यालोक’ आजच्या त्या अर्धवट नियमातून काढला तर ‘धवनयलक’ उरतो. निर्णयसागरच्या जुळाऱ्याने असं एक पान जुळवलं असतं, तर परबांनी ते दुसऱ्यांदा जुळवायला लावलं असतं हे नक्की.

संस्कृत छापणं ही एक परीक्षा, मराठी छापणं ही दुसरी. मराठीत एक अक्षर असं आहे जे संस्कृतला लागत नाही. आचाऱ्यांना जेवणाचे पैसे द्यायचे असतात आणि आचार्यांना दक्षिणा. पहिल्या शब्दातला अर्धा र आडवा, पापणीसारखा. दुसऱ्यातला र डोक्यावर, रफार म्हणून. मराठी खिळ्यांच्या पेटीत या पापणीला स्वतःचा खण लागतो. तो नसेल तर स्वयंपाकी एकदम गुरुवर्य होतो.

कॉम्प्युटरवर हा खण अदृश्य आहे. पापणीचा र टाइप करण्याच्या दोन रीती आहेत. एकीत र-ला टिंब असलेलं वेगळं अक्षर वापरतात. दुसरीत साधा र, हलन्त आणि त्यामागे एक न दिसणारं जोडचिन्ह येतं. आता स्लग साफ करणारा नियम बऱ्याचदा आधी न दिसणारी चिन्हं उडवतो, कारण कॉपी-पेस्ट करताना असला कचरा येतोच. दुसऱ्या रीतीने लिहिलेल्या ‘आचाऱ्यांना’ मधून ते चिन्ह गेलं की स्क्रीनवर काही मोडलेलं दिसत नाही. शब्द गुपचूप ‘आचार्यांना’ होऊन बसतो. ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो, डोंगरातली वाट थेट समुद्रात. ‘ललबगच’ बघून निदान कुणी हसतं तरी. ही चूक कुणाला दिसतच नाही.

जावजींचा व्याप फक्त पंडितांपुरता राहिला नाही. १८८१ मध्ये विनायक कोंडदेव ओक यांनी मुलांसाठी बालबोध मासिक सुरू केलं, ते निर्णयसागरमधून निघालं. ओकांनी ते १९१४ पर्यंत, मरेपर्यंत चालवलं. वामन दाजी ओक यांचा काव्यसंग्रह, म्हणजे जुन्या मराठी कवींच्या कविता गोळा करून छापण्याचा उपक्रम, तोही इथलाच. एकीकडे ध्वन्यालोक, दुसरीकडे पोरांचं मासिक, तिसरीकडे पंचांग. आणि खिळ्यांचा कारखाना होताच. बाहेरचे छापखाने निर्णयसागरचे खिळे विकत घेत. त्यामुळे हे वळण इतकं पसरलं की छापील देवनागरी म्हटल्यावर मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे जे अक्षर येतं, त्यात निर्णयसागर मिसळलेलं असतं, नाव माहीत नसलं तरी.

संस्कृत व्याकरणाची पुस्तकं इथून निघाली, भट्टोजी दीक्षितांची सिद्धान्तकौमुदीही निघाली. त्यात पाणिनीची सूत्रं आहेत. अमक्याच्या जागी तमकं येतं, पण कधी, तर पुढे हे असेल तेव्हाच. रेजेक्स लिहिणाऱ्याला ही भाषा परकी वाटणार नाही. फरक एवढाच की पाणिनीला आधी अक्षर म्हणजे काय ते ठरवावं लागलं, आणि त्याने ते ठरवून मगच नियम लिहिले. स्लगवाल्यांनी नियम आधी लिहिले.

५ एप्रिल १८९२ रोजी जावजी गेले. वय जेमतेम ५३. पुढे छापखाना तुकाराम जावजी आणि मग पांडुरंग जावजी यांच्या नावाने चालला. पुस्तकं निघत राहिली आणि जगभरच्या संस्कृत विभागांत निर्णयसागर प्रत हा शब्द रूढ झाला. आजही एखाद्या टीकेचा संदर्भ देताना अभ्यासक निर्णयसागरच्या आवृत्तीचं पान सांगतात.

ही पुस्तकं आता स्कॅन होऊन इंटरनेटवर आली आहेत. आणि इथे जावजी स्वतःच त्या साफसफाईच्या तावडीत सापडतात.

रोमन लिपीत त्यांचं नाव शोधायला जा. कुठे जावजी, कुठे जवाजी, कुठे जाओजी. छापखान्याचं नाव कुठे निर्णय आणि सागर असे दोन शब्द, कुठे मध्ये आडवी रेघ, कुठे एकच सलग शब्द, कुठे शेवटी संस्कृत पद्धतीने एक जास्तीचा ए. प्रत्येकाचा स्लग वेगळा. एकाच छापखान्याची पुस्तकं चार-पाच पत्त्यांवर विखुरलेली. एका स्पेलिंगने शोधणाऱ्याला बाकीची दिसतच नाहीत.

मग नाव देवनागरीतच ठेवलं तर? चालतं. नियम लिहिताना अक्षर, अंक आणि चिन्ह असे तिन्ही गट राखायचे, एवढंच करावं लागतं. जावास्क्रिप्टमध्ये ही सोय २०१८ पासून भाषेतच आहे, पायथॉनसाठी बाहेरचं साधन मिळतं. सफाई करण्यापूर्वी दोन रीतींनी लिहिलेला पापणीचा र एका रीतीत आणून ठेवायचा, म्हणजे न दिसणारं चिन्ह उडालं तरी आचारी आचारीच राहतो.

एक अडचण उरते, ती व्हॉट्सॲपवर रोज दिसते. ब्राउझरमध्ये छान मराठीत दिसणारा पत्ता कॉपी करून पाठवला की टक्के, ई, शून्य, ए, चार यांची मालगाडी होते. देवनागरीचा प्रत्येक तुकडा तीन बाइटचा आणि प्रत्येक बाइटला तीन चिन्हं, म्हणजे तुकड्यागणिक नऊ. ‘मुंबई’ ४५ चिन्हांची. ‘लालबागचा-राजा’ रेघ धरून १०९. एवढी लांब लिंक बघून माणूस ती फसवणुकीची समजतो आणि उघडत नाही. म्हणून पुष्कळ मराठी वेबसाइट शीर्षक मराठीत आणि स्लग इंग्रजी अक्षरांत ठेवतात. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही, वाचक हवा तर लिंक उघडली गेली पाहिजे. फक्त मग कुणीतरी बसून ठरवावं लागतं की जावजीचं स्पेलिंग कुठलं. हे काम रेजेक्स करून देत नाही.

निर्णयसागरने हे आपल्यापुरतं ठरवलं होतं. त्यांच्या संस्कृत पुस्तकांत इंग्रजी मुखपृष्ठ असायचं. त्यावर छापखान्याचं नाव रोमन लिपीत, निर्णय आणि सागर यांच्यामध्ये छोटी आडवी रेघ घालून, जणू स्लगच. आणि तुकाराम जावजींचं नाव छापताना रोमन ए आणि आय यांच्या डोक्यावर जिथे दीर्घ उच्चार असेल तिथे एक इवलंसं छप्पर. इंग्रजी वाचणाऱ्या साहेबाने जवजि म्हणू नये म्हणून.

हे छप्पर खिळ्यांत कुणालातरी मुद्दाम ओतावं लागलं, कडेने जपून घासावं लागलं, जुळाऱ्याला वेगळ्या खणातून उचलावं लागलं. आज त्या मुखपृष्ठावरचं नाव साध्या नियमातून काढलं, तर छप्परवाली अक्षरं ए ते झेडमध्ये बसत नाहीत म्हणून अक्षरासकट जातात. जरा बऱ्या नियमात आधी अक्षर आणि छप्पर सुटे करतात, मग छप्पर तेवढं काढतात. रोमनमध्ये नाव त्यानंतरही वाचता येतं. पण युनिकोडच्या लेखी ते छप्पर ज्या गटात आहे त्याच गटात आपला उकार, अनुस्वार आणि हलन्तही आहेत. म्हणून तोच बरा नियम देवनागरी मुखपृष्ठावर चालवला की ‘मुंबई’ची ‘मबई’ होते आणि ‘निर्णयसागर’चा रफार उतरून ‘निरणयसागर’.